कुंकवाखालचा गंज

मी एक जुना बंपर आहे. अख्खा ट्रक नव्हे, नुसता बंपर. कधीकाळी माझ्या पाठीशी सहा चाकांची गाडी उभी असायची. आज माझ्या पाठीशी सुरतेतल्या एका क्रोमच्या कारखान्याची भिंत आहे आणि शेजारी वाकड्या सायलेन्सरांचा ढीग. भंगारवाल्याचा टेम्पो अजून आलेला नाही. तो येईपर्यंत वेळच वेळ आहे, म्हणून म्हटलं, मित्रांनो, तुम्हाला माझी गोष्ट सांगून टाकावी.

ट्रक दिसला की तुम्ही त्याच्यामागे लिहिलेले शेर वाचता, हॉर्न वाजला की कानांवर हात ठेवता, चाकं किती ते मोजता. बंपरकडे कोण बघतं? हां, माझ्यात बघून भांग पाडणारे मात्र पुष्कळ भेटले. टोलनाक्यावर, पेट्रोल पंपावर, धाब्यावर. भांग पाडायचे, मिशी पिळायचे आणि निघून जायचे. आरशाचे आभार कोणी मानतं का? मीही कधी अपेक्षा ठेवली नाही. खोटं कशाला बोलू, थोडी ठेवली होती.

माझा जन्म सुरतेतल्या उधन्याचा. ज्या कारखान्याच्या भिंतीला मी आज टेकलो आहे, तिथलाच. आधी मी साधा लोखंडी पत्रा होतो, काळसर आणि खरबरीत. मला वाकवलं, घासलं, फिरत्या चाकावर धरून गुळगुळीत केलं. मग एकामागून एक हौदांत बुडवलं. आधी तांब्याच्या पाण्यात, मग निकेलच्या आणि सगळ्यात शेवटी क्रोमच्या. बाहेर आलो तेव्हा मला पाहून कारखान्याचे मालक सुकदेवभाऊ स्वतःशीच हसले, कारण माझ्यात त्यांना त्यांचंच तोंड दिसत होतं. माझ्याबरोबर त्याच हौदातून पुढच्या चाकांच्या दोन टोप्या निघाल्या. त्या माझ्या बहिणी. दिसायला माझ्याहून देखण्या, पण तोऱ्यात राहायच्या.

एक गोष्ट मला तेव्हाच कळायला हवी होती. क्रोमचा थर इतका पातळ असतो की तुमच्या डोक्यावरचा केस त्याच्यापुढे दोरखंड वाटावा. क्रोम गंजत नाही, हे खरं. पण त्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक बारीक छिद्रं असतात आणि खाली बसलेलं लोखंड ओल यायची वाटच पाहत असतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी आमची जात. सुकदेवभाऊंनी मला गाडीवर चढवताना बजावून सांगितलं होतं, "वरून चमकतं म्हणून विसरू नका. आत लोखंडच आहे. पुसत राहाल तर वीस वर्षं जाईल, नाही तर चार."

ज्यांना हे सांगितलं ते दगाभाऊ होते. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचे. तरुणपणी सुरतेला आले, पॉवरलूमवर राबले, मग दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि चाळिशी गाठता गाठता स्वतःची गाडी घेतली. माणूस कष्टाळू, अबोल. गाडीचं इंजिन त्यांना आवाजावरून कळायचं, पण पुसापुशीचा त्यांना भारी कंटाळा. सुकदेवभाऊ बोलत होते तेव्हा ते टायरला लाथ मारून हवा बघत होते. ऐकलं कोणी, तर त्यांच्या बायकोने. सरलाबाईंनी.

खरं म्हणजे दगाभाऊंना क्रोमचा बंपर नकोच होता. त्यांना रंगवलेला लोखंडी चालला असता. हट्ट धरला तो सरलाबाईंनी. त्या दिवशी कारखान्याच्या दारात झालेलं बोलणं मला अजून आठवतं.

"गाडी मनी शे का तुनी?" दगाभाऊ वैतागून म्हणाले.

"गाडी तुमनी," सरलाबाई म्हणाल्या. "तोंड मनं."

गाडी तुमची, पण तिचं तोंड माझं. ते तोंड म्हणजे मी. त्या दिवसापासून मी सरलाबाईंचा झालो.

त्यांचं घर सुरतेतल्याच डिंडोलीत, पुढे मोकळी जागा, तिथे आमची गाडी उभी राहायची. सरलाबाई घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करायच्या. तांदळाच्या कणीएवढी टिकली चिमटीत धरायची, डिंकाच्या थेंबावर ठेवायची, दाबायची. दिवसाला हजारो. त्यामुळे त्यांच्या बोटांना घाई ठाऊक नव्हती.

आणि आमच्या गाडीच्या नशिबी काय माल आला असेल? मीठ! जंबुसरकडच्या मिठागरांतून मीठ भरायचं आणि सुरतेवरून, नवापूरवरून धुळ्या-जळगावला पोचवायचं. जाताना मीठ, येताना मिळेल ते. माणसं खाल्ल्या मिठाला जागतात म्हणे. मी जे मीठ वाहिलं, ते मात्र मलाच खायला टपलेलं असायचं. मिठागराच्या रस्त्यावरचा खारट चिखल उडून माझ्या पाठीला चिकटायचा, माझ्या खालच्या दुमडीत साचायचा. माझ्या बहिणींवर ब्रेकची काळी भुकटी बसायची ती वेगळीच.

गाडी घरी आली की सरलाबाई पदर खोचून यायच्या. आधी नुसतं पाणी, भरपूर, वरून खाली सोडलेलं, म्हणजे मिठाचे कण आपले आपण वाहून जावेत. फडक्याला तोवर हात नाही, कारण कण तसाच घासला तर तो सुरीसारखा ओरखडा काढतो. मग साबणाच्या पाण्याचं ओलं फडकं. मग त्या चक्क जमिनीवर बसायच्या आणि हात माझ्यामागे घालून माझी पाठ धुवायच्या. मित्रांनो, बंपरची पाठ कोणी धूत नाही. तिच्यावर मुलामाही पातळ असतो, कारण ती दिसत नाही. पण गंज तिथूनच चढतो. सरलाबाईंना हे सुकदेवभाऊंनी एकदा सांगितलं आणि त्या कधी विसरल्या नाहीत. शेवटी जुन्या सुती लुगड्याच्या फडक्याने सगळीकडून कोरडं करायचं. सुरतेत साड्यांच्या चिंध्यांना काय तोटा? पण त्या सगळ्या पॉलिस्टरच्या, आणि पॉलिस्टर पाणी पीत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. कोरडं झालं की बोटभर मेण घेऊन हलक्या हाताने चोळायचं. माझं झालं की माझ्या दोन बहिणी.

दगाभाऊ खाटेवर चहा पीत हे बघायचे आणि हसायचे. बघायचे म्हणजे नजर तिकडे असायची इतकंच.

"कसाले हसतस?" सरलाबाई म्हणायच्या. "याले बी आंग शे. मीठ लागनं ते याले बी झोंबस."

मला सरलाबाईंच्या हाताखाली जितकं सुख मिळालं, तितकं नव्या गाडीच्या शोरूममधल्या बंपरलाही मिळत नसेल. शाळेच्या भिंतीवर तुम्ही वाचलं असेल की गंजण्यापेक्षा झिजणं बरं. ज्याने ते लिहिलं, त्याला तिसरी वाट माहीत नसावी. कोणी आपल्याला जपलं तर गंजावंही लागत नाही आणि झिजावंही लागत नाही. सहा वर्षं मी तसाच राहिलो.

दसरा हा आमचा सण. सकाळी गाडी धुवून तिला झेंडूच्या माळा घालायच्या, चाकाखाली लिंबं ठेवायची, नारळ फोडायचा. शेजारपाजारचे लोक फाफडा-जिलेबीचे पुडे घेऊन जमायचे. आणि सरलाबाई एका ताटलीत कुंकू कालवायच्या, त्यात उजवा तळवा बुडवायच्या आणि माझ्या उजव्या कडेला, चालकाच्या बाजूला, पाचही बोटांचा थापा उमटवायच्या. तो लालभडक थापा माझ्या पांढऱ्या लकाकीवर असा उठून दिसायचा की मी मनातल्या मनात ताठ व्हायचो.

पण तिसऱ्या दिवशी सकाळी त्या फडकं घेऊन यायच्या आणि तोच थापा स्वतः पुसून टाकायच्या. यावरून शेजारच्या शकूबाई दर वर्षी भांडायला यायच्या.

"कुकू पुसू नही माय! अपशकून व्हस."

"अपशकून गंजना ऱ्हास, कुकूना नही," सरलाबाई म्हणायच्या. "देवले दोन दिन दखाडं. आते त्यानाखाले लोखंड सडाले नको."

देवाला दोन दिवस दाखवलं ना, मग आता त्याखाली लोखंड सडू देऊ नये, इतका साधा त्यांचा हिशेब. ओल धरणारी कुठलीही गोष्ट अंगावर राहिली की तिच्याखाली गंज बसतो. मग तो चिखल असो, की पूजेचा लाल धागा, की कुंकू. गंजाला शुभ-अशुभ कळत नाही. त्या पुसायच्या, मेण लावायच्या, आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा नवा थापा.

करोनाच्या आदल्या वर्षीचा दसरा. सरलाबाईंनी थापा दिला तेव्हा त्यांचा हात गरम होता. मला वाटलं, उन्हात उभ्या आहेत म्हणून असेल. त्या नेहमीसारख्या हसल्या, सगळ्यांना जिलेबी वाटली आणि घरात जाऊन निजल्या. तो ताप होता. दुसऱ्या दिवशी त्या उठल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी थापा पुसायला कोणी आलं नाही. डॉक्टरांनी डेंग्यू सांगितला. नवव्या दिवशी घरासमोर माणसं जमली, आणि मी उभ्या जागेवरून सगळं पाहिलं. माझ्यासारख्यात सगळं दिसतं ना, नको असलेलंही. त्या दिवशी माझ्यात जे दिसलं, त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही.

तेराव्यानंतर दगाभाऊ गाडीजवळ आले. बराच वेळ माझ्यासमोर उभे राहिले. थाप्यातलं कुंकू वाळून तडकलं होतं, पण पाचही बोटं स्वच्छ दिसत होती. करंगळीसुद्धा. घरात सरलाबाईंचा फोटो होता, साड्या होत्या, डबे होते. पण त्यांच्या हाताचा आकार फक्त माझ्यावर होता. दगाभाऊंनी हात पुढे केला आणि बोटभर अंतरावरून परत घेतला. मग हात जोडले. त्यानंतर कधीही गाडी सुरू करण्याआधी ते माझ्यासमोर यायचे आणि हळूच म्हणायचे, "चाल वं, निंघूत." चल गं, निघू या.

पहिल्यांदा मला ते फार बरं वाटलं, हे कबूल करतो. मला वाटलं, आपण आता नुसता बंपर राहिलो नाही. आपण देव्हारा झालो. पण देव्हाऱ्यालाही कोणीतरी पुसावं लागतं, मित्रांनो.

मला पुसायला दगाभाऊ कोणालाच देईनात. धाब्यावर कोणी गाडी धुवायला लागलं की ते ओरडायचे, "तथा हात लावू नको! तो तिना हात शे." फडकं थाप्याला लागेल म्हणून सगळाच बंपर सोडून द्यायचे. पाठ धुवायची तर कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मीठ मात्र आपलं काम चोख करत होतं. जंबुसर, धुळे, जंबुसर, धुळे. खालच्या दुमडीत मिठाचा चिखल साचला, पावसात भिजला, उन्हात वाळला, पुन्हा भिजला. मला आधी खाज सुटल्यासारखं झालं. मग झोंबू लागलं. मग पाठीला बारीक तपकिरी पुरळ उठला. पुढून मी अजून चकाकतच होतो. माझ्यासमोर उभे राहून लोक भांग पाडतच होते.

पहिल्या पावसाळ्यात थाप्याची कड फिकी होऊ लागली. हे बघून दगाभाऊ कावरेबावरे झाले. जेवण जाईना. आणि मग त्यांनी जे केलं ते प्रेमापोटीच केलं, म्हणूनच मला त्याचा राग धरता येत नाही. गाड्या रंगवणाऱ्या एका कारागिराकडे गेले आणि त्या थाप्यावर बिनरंगाचं लॅकर मारून घेतलं. काचेसारखं. एक हात, दोन हात, तीन हात.

"आते जावाव नही," ते समाधानाने म्हणाले. आता जाणार नाही.

कुंकू गेलं नाही, हे खरं. पण त्या कुंकवात तोवर नऊ महिन्यांची खारट ओल मुरली होती. त्यांनी ती ओल माझ्या अंगावर कायमची कोंडून टाकली. वरून हवा नाही, ऊन नाही, फडकं नाही. काचेच्या त्या झाकणाखाली गंजाला हवं तसं घर मिळालं. सरलाबाई असत्या तर एका नजरेत त्यांनी ते ओळखलं असतं. मला सांगायचं होतं. पण मला तोंड म्हणणारी एकच बाई होती आणि तिलाही ठाऊक होतं की मी बोलू शकत नाही.

वर्षं गेली. चाकांवरची माझी एक बहीण गंजून सैल झाली आणि कोंडाईबारीच्या घाटात निखळून दरीत गेली. दुसरीचं तोंड काळं पडलं, मग तीही काढून टाकली. दगाभाऊंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना फक्त थापा हवा होता. लाल रंग अजून दिसत होता, जरा तपकिरीकडे झुकलेला. लॅकरखाली बारीक फुगे आले होते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा पाचही बोटांतून बाहेर पसरल्या होत्या. दगाभाऊंना चष्मा लागला होता, पण तो ते फक्त पेपर वाचताना लावायचे.

हे पाहिलं ते त्यांच्या मुलीने, जागृतीने. आई गेली तेव्हा ती दहावीत होती. आता उधन्याच्या एका शाळेत लहान मुलांना शिकवते. एका रविवारी ती माझ्यासमोर वाकली, फुग्यावरून नख फिरवलं आणि उठून उभी राहिली.

"पप्पा, हे आतून सडतंय."

"तू हात लावू नको."

"पप्पा, जवा दो ने, जाऊ द्या ना आता. सुकदेवकाकांना दाखवू. ते साफ करून देतील."

"साफ करं ते तिना हात जाई."

जागृती घरात गेली. पण त्यानंतर पंधरा दिवसांतच घराजवळच्या गतिरोधकावर गाडी आदळली आणि माझी डावी बाजू चर्रकन फाटली. नट-बोल्ट जागच्या जागी राहिले. त्यांना धरणारा पत्राच उरला नव्हता. मी एका बाजूने रस्त्यावर घासत लोंबकळू लागलो. दगाभाऊंनी मला तारेने बांधलं आणि मान खाली घालून गाडी उधन्याला आणली. जागृती शेजारी बसून आली होती.

सुकदेवभाऊ आता म्हातारे झाले आहेत. त्यांनी मला खाली उतरवून दोन लाकडांवर ठेवलं आणि बोटाने टकटक केली. चांगला पत्रा टण्ण वाजतो. मी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वाजलो. त्यांनी मला उलटं केलं, माझी पाठ पाहिली आणि पुन्हा सुलटं ठेवलं.

"दगाभाऊ, हा गेला."

"नवा मुलामा चढावी दे ना."

"चढवू कशावर? खाली लोखंड तर पाहिजे." त्यांनी दगाभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढून दिसतंय ते नुसतं टरफल आहे."

दगाभाऊ वाकून थाप्याकडे बघू लागले. मग म्हणाले, "मंग एक काम कर. तेवढाच तुकडा कापी दे. तिना हातना. बाकी भंगारमा टाक."

तेवढाच तुकडा. कारखान्यातली मशीन चालूच होती, तरी ते शब्द सगळ्यांना ऐकू गेले. त्या माणसाला घर नको होतं, गाडी नको होती, फक्त पाच बोटांएवढा पत्रा हवा होता. मी सगळं बळ एकवटून म्हणत होतो की निदान तेवढा तरी मी धड असू दे. बाकीचा गेलो तरी चालेल.

सुकदेवभाऊंनी कापायचं यंत्र हातात घेतलं, थाप्याजवळ आणलं आणि थांबले. "कापतो मी. पण हादरा बसेल. खालचं कसं आहे ते आधी बघायला लागेल. लॅकर सुटलंय सगळीकडे."

ते बोट लावणार इतक्यात दगाभाऊंनी त्यांचा हात धरला. "तू नको. मी बघस."

आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या थाप्यावर हात ठेवला. नीट, बोटावर बोट. त्यांची बोटं जाड, स्टिअरिंगने घट्टे पडलेली. सरलाबाईंची बोटं त्यांच्याखाली पूर्ण झाकली गेली. त्यांनी डोळे मिटले. मलाही तो हात हवाहवासा वाटला. किती वर्षांत मला कोणी तसं धरलं नव्हतं.

हात उचलला, तेव्हा थापा हाताबरोबर आला. लॅकर, त्याखालचं कुंकू, त्याखालचा क्रोम, सगळं भाजक्या पापडासारखं तडकून त्यांच्या तळव्याला चिकटलं. आणि माझ्यावर उरली तपकिरी भोकं. त्यांतून खालची कारखान्याची फरशी दिसत होती.

दगाभाऊ आपला तळवा बघत उभे राहिले. त्यावर लाल-तपकिरी कपच्या होत्या. एक एक खाली गळत होती.

"मीच ऱ्हावू दिधं ना ते," ते म्हणाले. मीच राहू दिलं.

जागृती जवळ आली. तिचेही डोळे भरले होते. "पप्पा, आई तर स्वतः पुसून टाकायची. तिसऱ्या दिवशी. तुम्हाला आठवतं ना?"

"आठवस."

"मग तुम्ही का नाही पुसलं?"

"ती पुसे तवय ती व्हती ना, बेटा," दगाभाऊ म्हणाले. "पुढला दसराले परत लावाले."

त्या पुसायच्या तेव्हा त्या होत्या, पुढच्या दसऱ्याला पुन्हा लावायला. शहाणी माणसं म्हणतील, साधी गोष्ट होती, पुसायला हवं होतं. हवंच होतं. पण मित्रांनो, त्या कारखान्यात त्या वेळी तुम्ही असता तर तुम्हालाही ते म्हणायचा धीर झाला नसता.

सुकदेवभाऊंनी नवा बंपर काढला. काळ्या रंगाचा, साधा, जाड लोखंडाचा. तो गाडीवर चढवला जात होता, तोवर दगाभाऊ माझ्याशेजारी बसून होते. मग अचानक त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खुंटीवरचं एक फडकं घेतलं, बादली ओढली आणि म्हणाले, "याले तसाच नको टाकू. पुसी देस." आणि हातातलं फडकं तसंच धरून ते अडले. एकदा बादलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"जागृती, तुनी माय पह्यले वल्लं फिरावे का कोल्लं?"

आधी ओलं फडकं फिरवायची की कोरडं, ते विचारत होते. बारा वर्षं ही गाडी चालवलेला माणूस, सहा वर्षं खाटेवरून बघत बसलेला माणूस.

"मला नाही माहीत, पप्पा," ती म्हणाली. "मी कधी बघितलंच नाही. मी आत असायचे."

दोघंही माझ्याकडे बघत राहिली. मला माहीत होतं! आधी नुसतं पाणी, मग ओलं, मग पाठ, मग कोरडं, मग मेण. सरलाबाईंची ती रीत सगळ्या जगात फक्त मला माहीत होती आणि ती सांगायला मला जीभ नव्हती. इतका हतबल मी गंजतानाही झालो नव्हतो. शेवटी दगाभाऊंनी कोरडंच फडकं फिरवायला सुरुवात केली. मिठाचे कण करकरले, उरल्यासुरल्या चकाकीवर ओरखडे उठले. चुकीचं पुसत होते, अगदी चुकीचं. पण हात हलका होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, तेव्हा मी म्हटलं, पुसू दे. हळूहळू जागृतीही दुसऱ्या बाजूने पुसायला लागली.

मग गाडी गेली. काळ्या बंपरची.

तर मित्रांनो, माझी गोष्ट संपली. माझ्यासारख्या वस्तू तुमच्याही घरी असतील, सायकलचं हँडल, स्कूटरचा आरसा, दाराची कडी. त्यांना मीठ-चिखल लागू देऊ नका, लागला तर तसाच राहू देऊ नका. आधी पाणी सोडा, मग घासा. जी बाजू दिसत नाही ती आधी आठवा. आणि पवित्र म्हणून काही अंगावर कोंडून ठेवू नका, ते कितीही प्रेमाने लावलेलं असो. एवढं केलंत तर तुमच्या घरातलं लोखंड माझ्यासारखं भिंतीला टेकून टेम्पोची वाट पाहणार नाही.

पण एक मागणं याहून मोठं आहे. तुमच्या घरात कोणीतरी रोज काहीतरी पुसत असेल, चोळत असेल, निवडत असेल, आणि तुम्ही ते खाटेवर बसून बघत असाल, किंवा बघतही नसाल. आज उठा, त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहा आणि विचारून घ्या, आधी ओलं की कोरडं.